अंत्युखियातली पंगत

कुरुंदवाडला कुडेखान, ढेपणपूर, बैरागदार, शेळके आणि कारखाना या 5 मशिदींत दरवर्षी गणपती बसतो. 2018 आणि 2019 साली मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा पीर आणि गणपती एकाच छताखाली होते. ज्याचा धर्म त्याच्यापाशी, सण मात्र दोघांचा. ख्रिस्ती मंडळीत अगदी सुरुवातीलाच जो वाद पेटला, तो कुरुंदवाडकरांना चटकन कळेल. परक्याला आपलं म्हणायचं, तर त्याने आधी आपल्यासारखं व्हायलाच हवं का?

येशू यहुदी, त्याचे बारा शिष्यही यहुदी. पण सुवार्ता ग्रीक आणि सिरियन लोकांपर्यंत पोचली आणि काही जण म्हणू लागले, आधी सुंता करा, मोशेचं नियमशास्त्र पाळा, मगच तारण. इ. स. 49 च्या सुमारास यरुशलेमेत यावर बैठक झाली. मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, व्यभिचार अशा मोजक्या गोष्टी वर्ज्य ठरल्या. सुंतेची सक्ती मात्र नको, असं ठरलं.

खरी कसोटी लागली ती जेवायला बसताना. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली आणि तो बिचकला, वेगळा बसू लागला. त्याचं पाहून इतर यहुदी उठले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा उठला. तेव्हा प्रेषित पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला जाब विचारला. हे सारं त्याने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच नोंदवलं आहे. पंक्तिभेद काय असतो ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून हा प्रसंग आपल्याला जास्त झोंबतो. पौलाचा राग रीतभातीवरून नव्हता. तारण देवाच्या कृपेने, विश्वासाने मिळतं. जन्म, सुंता, सोवळं यांच्या जोरावर ते कुणालाच मिळत नाही. देवापुढे यहुदी आणि परराष्ट्रीय दोघेही रिकाम्या हातांनी उभे आहेत. मग एकाने आपलं पान वेगळं मांडलं, तर ती कृपा अपुरी आहे असंच म्हटल्यासारखं होतं.

यरुशलेमेच्या मंदिरात एक दगडी कठडा होता. परक्याने तो ओलांडला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार, असं त्यावरच्या ग्रीक पाट्यांवर कोरलेलं होतं. त्यातली सात ओळींची एक अख्खी पाटी 1871 मध्ये क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला सापडली. ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्रफिम नावाच्या इफिसकराला पौलाने आत नेलं, असा बोभाटा झाला आणि त्यातूनच पौलाला अटक झाली. इफिसकरांस पत्रात म्हटलं आहे की ख्रिस्ताने आपल्या मरणाने मधली भिंत पाडली आणि दोघांचा एक नवा माणूस केला. कुरुंदवाडचं ऐक्य शेजाराचं आहे, हे ऐक्य क्रूसातून आलेलं आहे. दोन्ही एकच, असं म्हणणं दोघांवरही अन्याय करणारं ठरेल.

रोमकरांस पत्रात पौल परराष्ट्रीयांनाही बजावतो. तुम्ही रानटी जैतुनाच्या फांद्या, तुमचं कलम मूळ झाडावर झालं आहे, तेव्हा मुळावर तोरा मिरवू नका. देवाने आपल्या लोकांना टाकलेलं नाही. ख्रिस्ती जग हे शतकानुशतकं विसरलं आणि त्याची जबर किंमत यहुद्यांनी मोजली. येशूच्या मरणाचा यहुद्यांवर सरसकट दोष ठेवता येत नाही, हे कॅथलिक चर्चने 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत जाहीरपणे मांडलं.

आपल्या कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, मिशनऱ्यांच्या शाळांत शिकले. मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. बाप्तिस्मा घेणारे फार थोडे निघाले. बाकीचे मराठीत आपलंच शास्त्र वाचून अधिक जाणते यहुदी झाले. मला यात मिशनचं अपयश दिसत नाही. मुळाला पाणी मिळालं, एवढंच दिसतं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांपुढे तोच जुना प्रश्न नव्या वेशात उभा राहिला: ख्रिस्ती व्हायचं, तर साहेब व्हायलाच हवं का? 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग आणि कीर्तनातून त्याला उत्तर दिलं. मरणापूर्वी दोन वर्षं, 1917 साली, त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे चालू पाहणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा होती.