एकट्याचा नकार

९ ऑगस्ट ही तारीख आम्हां भारतीयांच्या मनावर कोरली गेली आहे ती १९४२ सालच्या क्रांतिदिनामुळे. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर त्या दिवशी तिरंगा फडकला आणि सारा देश पेटून उठला. बरोबर एका वर्षाने, ९ ऑगस्ट १९४३ रोजी, जर्मनीतील ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात छत्तीस वर्षांच्या एका शेतकऱ्याचा गिलोटिनखाली शिरच्छेद करण्यात आला. त्याच्या पाठीशी ना जनसागर होता, ना पक्ष, ना पुढारी. त्याच्या नावाचा जयघोष करणारा एकही कंठ त्या दिवशी नव्हता. सत्याग्रहाच्या संस्कारात ज्यांची मने घडली, त्या आमच्यासारख्यांना या दोन तारखांचा योग अंतर्मुख करून जातो.

फ्रान्झ येगरश्टेटर हे त्या शेतकऱ्याचे नाव. ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड हे त्याचे खेडे. ज्या ब्राउनाउ गावी हिटलर जन्मला, त्याच ब्राउनाउ जिल्ह्यातले! फ्रान्झ जन्मजात साधुपुरुष नव्हता. तरुणपणी तो दांडगट म्हणून ओळखला जाई. गावात पहिली मोटारसायकल आणली ती त्यानेच. १९३६ साली फ्रान्सिस्का या श्रद्धाळू मुलीशी त्याचा विवाह झाला आणि त्याचे जीवन पालटले. तीन मुली झाल्या. गुरेढोरे, नांगर आणि गावची इगर्जी एवढेच त्याचे जग होते. त्या इगर्जीत सेवक म्हणून तो राबू लागला. शिक्षण खेड्यातल्या शाळेपुरते. पण बायबल आणि संतांची चरित्रे तो मनापासून वाचीत असे.

१९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि एप्रिलमध्ये त्यावर सार्वमताचा शिक्का मारून घेतला. देशात ९९ टक्क्यांहून अधिक मते 'होय' अशी पडल्याचे जाहीर झाले. सांक्ट राडेगुंडमध्ये 'नाही' म्हणणारा माणूस एकच होता. पुढे सैन्यात बोलावणे आले तेव्हा तो गेला, शिक्षण घेतले, शेतीसाठी म्हणून परतही आला. पण जे पाहिले त्यावरून त्याच्या मनाने निर्णय घेतला, की हे युद्ध अन्यायाचे आहे आणि त्यात शस्त्र धरणे हे पाप आहे. हिटलरची आज्ञा आणि ख्रिस्ताची आज्ञा एकाच माणसाला पाळता येणार नाहीत, एवढे साधे त्याचे तर्कशास्त्र होते.

त्याला समजावणारे कमी नव्हते. आप्तांनी विनवले, शेजाऱ्यांनी हिणवले. तो थेट लिंझच्या बिशपांकडे गेला; त्यांनीही सल्ला दिला तो प्रपंचाची जबाबदारी ओळखण्याचा. युद्धाच्या न्यायान्यायाचा निवाडा करणे हे तुझे काम नव्हे, असा या उपदेशाचा रोख होता. ज्या धर्मसंस्थेवर त्याची नितांत निष्ठा होती, तिचे धुरीणच त्याला मागे खेचत होते. तरीही त्याने चर्चचा त्याग केला नाही की बिशपांची निंदा केली नाही. मात्र स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीचा कौल त्याने दुसऱ्याच्या हाती सोपविला नाही.

१ मार्च १९४३ रोजी एन्सच्या छावणीत हजर होऊन त्याने आपला नकार सांगितला. जखमींची शुश्रूषा करण्यास त्याची तयारी होती; ती मान्य झाली नाही. लिंझ आणि मग बर्लिनच्या तुरुंगात त्याला ठेवण्यात आले. ६ जुलैला लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावला. नकार मागे घेतला असता तर प्राण वाचण्याची आशा होती. तो ढळला नाही.

आता प्रश्न असा, की याने साधले काय? युद्ध एक दिवसही आधी थांबले नाही. एक आई विधवा झाली, तीन पोरी पोरक्या झाल्या. युद्ध संपल्यावरही गावाने या कुटुंबाला जवळ केले नाही. फ्रान्सिस्काला विधवेचे निवृत्तिवेतन १९५० पर्यंत नाकारण्यात आले. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. मुक्तिलढ्यात ज्यांच्या घरचा कर्ता तुरुंगात गेला, त्या घरांतील चुलींना विचारा! हौतात्म्याची निम्मी किंमत नेहमी मागे राहणारेच मोजतात. फ्रान्सिस्काने आधी पतीचे मन वळवू पाहिले. पण निर्णय ठाम आहे हे उमगल्यावर ती त्याच्या पाठीशी उभी राहिली आणि शेती सांभाळून तिने मुली वाढविल्या. या कथेतील श्रद्धावंत एक नसून दोन आहेत.

परंतु जे साधले तेही पाहावे. १९६४ साली गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने त्याच्यावर ग्रंथ लिहिला आणि जग जागे झाले. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेत त्याचा दाखला मांडणारे धर्मगुरू कोण होते? मुंबईचे माजी आर्चबिशप टॉमस रॉबर्ट्स! आपले पद भारतीय माणसाकडे जावे म्हणून स्वतः बाजूला झालेले हे इंग्रज गृहस्थ; त्यांच्या जागी आले ते गोमंतकीय आईबापांच्या पोटी जन्मलेले व्हॅलेरियन ग्रेशियस. डिसेंबर १९६५ मध्ये त्या महासभेने, सद्‌बुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांना कायद्याने माणुसकीने वागवावे, अशी भूमिका घेतली. १९९७ साली बर्लिनच्या न्यायालयाने त्याची शिक्षा रद्दबातल ठरविली. ऑक्टोबर २००७ मध्ये लिंझच्या कॅथेड्रलात चर्चने त्याला 'धन्य' घोषित केले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्सिस्का तेथे हजर होती. ज्या लिंझमध्ये त्याला माघारीचा उपदेश झाला, त्याच लिंझमध्ये हे घडले.

आमचे बहुसंख्य वाचक हिंदू आहेत. या भूमीवर ख्रिस्ती धर्म परकीय सत्तेच्या हातात हात घालून आला, हा इतिहास त्यांच्या स्मरणात आहे आणि तो खोटा नाही. म्हणूनच या शेतकऱ्याची कथा त्यांनी मुद्दाम ऐकावी असे आम्हांस वाटते. सत्तेच्या आश्रयाने वाढणारी श्रद्धा निराळी आणि सत्तेपुढे ताठ उभी राहणारी श्रद्धा निराळी. हा भेद ख्रिस्ती धर्मापुरता नाही. तो देवळातही आहे, मशिदीतही आहे. पालखीपुढे किती माणसे चालली यावरून श्रद्धेचे बळ मोजण्याची सवय आपल्या सर्वांनाच जडली आहे.

'आम्ही एकटे काय करणार?' हा प्रश्न आपण दररोज ऐकतो. खोट्या कागदावर सही करणारा कारकून तो विचारतो, गावातला अन्याय डोळ्यांआड करणारा शेजारी तो विचारतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर लेखणी आवरती घेताना संपादकही तो मनातल्या मनात विचारतो. सांक्ट राडेगुंडच्या शेतकऱ्याने जग बदलण्याचा आव आणला नव्हता. आपल्या हातून पाप घडू नये, एवढेच त्याने पाहिले. त्याच्यानंतर मात्र 'दुसरा मार्गच नव्हता' असे म्हणण्याची सोय त्याच्या गावाला उरली नाही, आणि खरे म्हणजे आपल्यालाही उरलेली नाही.