ताप आला तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे काय?

हृदयाची झडप बदललेला, अँजिओप्लास्टी झालेला किंवा पायात रक्ताची गुठळी होऊन गेलेला माणूस आता खेडोपाडीही भेटतो. त्याच्या औषधांच्या डब्यात 'रक्त पातळ करणारी गोळी' असतेच. नाव तसे फसवे आहे. या गोळीने रक्त पाण्यासारखे होत नाही. ते गोठण्याची क्रिया मंदावते, इतकेच. करोनाच्या साथीत या गोळ्यांना एकदम वेगळेच महत्त्व आले.

महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. हा आजार नुसता फुप्फुसांचा नाही, हे पुढच्या काही महिन्यांत जगभरच्या डॉक्टरांना कळून चुकले. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि फुप्फुसांतल्या केसासारख्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या अडकतात. हवा आत पोहोचते, पण ती उचलायला रक्तच येत नाही. 'डी-डायमर' हा शब्द घराघरांत पोहोचला तो तेव्हाच.

मग ज्यांना या गोळ्या आधीपासूनच चालू होत्या, त्यांचे काय झाले? अमेरिकेत मिनेसोटातील ६,१९५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी दिसली. आकडा मोठा आहे, पण नियमित गोळी घेणारा माणूस डॉक्टरांच्या नजरेखालीही असतो. फायदा गोळीचा की देखरेखीचा, हे नुसत्या नोंदींवरून सांगता येत नाही. स्वीडनमधील अशाच एका अभ्यासात तर फायदा दिसलाच नाही.

खरी कसोटी चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटण्याची. २०२१ मध्ये अशा मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. रुग्णालयात दाखल, पण अजून अतिदक्षता विभागापर्यंत न पोहोचलेल्या २,२१९ रुग्णांत हेपारिन इंजेक्शनच्या पूर्ण मात्रेने फायदा झाला: व्हेंटिलेटरसारख्या आधाराविना वाचलेल्यांची संख्या हजारामागे सुमारे चाळीसने वाढली. आधीच अत्यवस्थ झालेल्या १,०९८ रुग्णांत मात्र तेच औषध निरुपयोगी ठरले, वर रक्तस्राव वाढला. बांधाला भगदाड पडत असताना टाकलेली माती आणि वावर वाहून गेल्यावर टाकलेली माती, यांत जो फरक तोच इथे असावा. अ‍ॅस्पिरिनने तर निराशाच केली. ब्रिटनमधील सुमारे १५ हजार रुग्णांच्या चाचणीत ती घेणारे आणि न घेणारे, दोन्ही गटांत १७ टक्के मृत्यू झाले. घरीच बरे होणाऱ्या रुग्णांना गोळ्या देऊन पाहणारी अमेरिकेतील चाचणी मध्येच थांबवावी लागली. आजार बळावलेले रुग्ण मुळातच इतके थोडे निघाले, की औषधाला करून दाखवण्यासारखे काही उरलेच नाही. शिवाय हे सारे पुरावे करोनाचे आहेत, साध्या फ्लूला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत.

तेव्हा ताप-खोकला आला म्हणून शेजाऱ्याची गोळी सुरू करण्यात काहीच हशील नाही. उलट, ज्याला ती आधीपासून चालू आहे, त्याच्यासाठी आजारपणाचे दिवस जोखमीचे असतात.

जुन्नर तालुक्यातले घाटघर घ्या. नाणेघाटाजवळ, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याचे गाव. भातलावणीच्या दिवसांत सतत पाऊस, ओले कपडे, घरोघरी सर्दी-ताप. इथल्या एखाद्याला वॉरफरिन किंवा असिट्रॉम चालू असेल, तर रक्त किती वेळात गोठते हे सांगणारी 'आयएनआर' तपासणी करायला सुमारे तीस किलोमीटरवरचे जुन्नर गाठणे आले. तापात जेवण सुटते, पोटात भाजीपाला जात नाही, त्यातले 'के' जीवनसत्त्व कमी पडते. त्यात एखादे अ‍ॅन्टिबायोटिक सुरू झाले की आयएनआर काही दिवसांतच वर चढू शकतो. आणि अंग ठणकते म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका आणखी वाढतो. तापाला पॅरासिटामॉल बरी, पण तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच.

धास्तावून गोळी आपल्या मनाने बंद करणे त्याहून वाईट. कृत्रिम झडपेवर गुठळी बसली तर अर्धांगवायूपर्यंत वेळ जाऊ शकते. तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून चालू गोळीचे नाव आणि मात्रा सांगावी, नवे औषध सुरू झाल्यास तीन ते पाच दिवसांत आयएनआर पाहावा. शौचाला काळे होणे, हिरड्यांतून न थांबणारे रक्त, डोक्याला मार किंवा अचानक वाढलेला दम, यांपैकी काही दिसले तर पाऊस उघडण्याची वाट न पाहता गाडी करून रुग्णालय गाठावे आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.