तलावाचे पाणी गढूळ का होते?

उन्हाळ्याची सुटी लागली की दवाखान्यात लाल डोळ्यांची मुले येऊ लागतात. गेल्या मे महिन्यात एकाच घरातील तीन भावंडे आली. शेतघरावरच्या पोहण्याच्या तलावात दोन दिवस डुंबत होती. "डॉक्टरसाहेब, क्लोरीन जास्त पडलं असणार," असे वडील म्हणाले. मीही मान डोलावली व क्लोरीन कमी करण्यास सांगितले. आठवडाभरात पाणी ताकासारखे पांढुरके झाले, तळ दिसेनासा झाला. माझा सल्ला चुकला होता.

डोळे चुरचुरणे आणि उग्र वास यांचे कारण बहुधा जास्त क्लोरीन हे नसते. घाम व लघवीतील द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. त्रास त्यांचा असतो. अशा वेळी जंतू मारणारे मोकळे क्लोरीन उलट संपत आलेले असते. तेही कमी केले की जंतू व शेवाळ वाढून पाणी गढूळ होते.

दुसरे कारण सामू, म्हणजे पीएच. तो ७.२ ते ७.८ असावा. ७.५ सामूला मोकळ्या क्लोरीनचा निम्मा भाग प्रभावी असतो. ८ ला जेमतेम पाव. बोअरचे पाणी बहुधा जड असते, ब्लीचिंग पावडरीतही चुना असतो. सामू चढला की हा चुना बारीक पांढऱ्या कणांच्या रूपाने पाण्यात तरंगतो.

उपाय क्रमाने करावा. प्रथम फिल्टर उलट्या प्रवाहाने धुऊन सतत चालू ठेवावा. मग चाचणी संचाने सामू तपासून योग्य पातळीवर आणावा. त्यानंतर रात्री क्लोरीनची मोठी मात्रा द्यावी. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व सरासरी १.२ मीटर खोल तलावात ६०,००० लिटर पाणी मावते. त्यात लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीन होण्यास ३३ टक्क्यांची ताजी पावडर सुमारे १.८ किलो लागते. ती बादलीभर पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळी तेवढी ओतावी. एवढ्यानेही पाणी निवळले नाही तर तुरटी वापरावी, मात्र तुरटीने सामू उतरतो, म्हणून पुन्हा तपासावा. मोकळे क्लोरीन १ ते ३ मिलिग्रॅमवर आल्यावरच पोहावे.

सामू उतरवण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू जिवावर बेततो.

पोहण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने अंघोळ करावी. जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये. काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत.

आता सर्वात महत्त्वाचे. गढूळ पाण्यात खरी भीती डोळ्यांची नाही. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, मुकाट्याने तळाशी जाते. मेंदूला चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर कायमची इजा होऊ शकते, आणि गढूळ पाण्यात तेवढा वेळ शोधण्यातच जातो. त्या कुटुंबाला मी दुसऱ्यांदा एवढेच सांगितले: खोल टोकाची तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी कोणीही पाण्यात उतरायचे नाही. मुले रुसली तरी चालेल.