वृद्धांचा एकांतवास आणि तलावांचे ज्ञान

नागपूर विभागाच्या पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे धानाचे व तलावांचे होत. विभागातील सहा हजारांवर जुन्या तलावांस ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. त्यांपैकी पुष्कळ कोहळी लोकांनी बांधले. 1951 साली मालगुजारी नष्ट होऊन तलाव सरकारकडे आले; परंतु पाळ कोठे झिरपते, पाणी केव्हा सोडावे, हे ज्ञान दप्तरात आले नाही. ते वृद्धांपाशीच राहिले.

आज तरुण मंडळी मजुरीकरिता शहरांत जातात व मागे म्हातारी माणसे एकटी राहतात. 2011 च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात दर 100 माणसांत सुमारे 10 माणसे साठ वर्षे वा त्यांवरील वयाची होती. बोलावयास कोणी नसले म्हणजे माणूस खचतो आणि त्याजबरोबर गावाचे ज्ञानही लोपते.

या ज्ञानाचा उपयोग काय, हे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कामावरून कळते. बेशरमाच्या झुडपांनी तलाव व्यापले, पाण्यातील वनस्पती गेल्या व देशी मासळी घटली. मंडळाने अनुभवी धीवरांस विचारून बेशरम काढविले व देशी पाणवनस्पती पुन्हा लावविल्या. अंडी घालावयास व पिलांस लपावयास आसरा मिळताच देशी मासळी परतू लागली.

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावच्या समितीस असे ज्ञान नोंदवहीत लिहिण्याची सोय करून दिली आहे. राज्याच्या जैवविविधता मंडळाची कचेरी नागपुरासच आहे. आमची सूचना इतकीच की, प्रत्येक सभासदाने आठवड्यातून एकदा एका एकाकी वृद्धाचे घर गाठावे. प्रथम औषधपाणी आहे की नाही, श्रावणबाळ योजनेचे वेतन मिळते की नाही, ते पाहावे. मग शक्य असल्यास त्यांस पाळीवर न्यावे व विचारावे. सांगितलेले त्यांच्याच शब्दांत लिहावे, वाचून दाखवावे, आणि संमती असल्यास त्यांच्या नावानिशी नोंदवावे. केवळ माहितीसाठी जाऊन पुन्हा न फिरकणे, ही कृतघ्नता होय.

पाळ फुटली तर गावकरी ती पुन्हा बांधतील. पण म्हातारे माणूस गेल्यावर त्यास काही विचारता येत नाही. म्हणून हे काम पुढल्या हंगामावर टाकू नये.