कापसाचा भाव मुठीत का अडकतो?

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी (मेघे)च्या आसपासच्या कास्तकारापुढे हंगामात दोन वाटा असतात. एक, दारात येणाऱ्या व्यापाऱ्याची खेडा खरेदी. दुसरी, बाजार समिती किंवा सीसीआयचे (भारतीय कापूस महामंडळाचे) केंद्र. पहिल्या वाटेत नगदी पैसा, पण भाव पडका. दुसरीत भाव बरा, पण गाडीभाडे, रांग आणि चुकाऱ्याची वाट पाहणे आले.

पडक्या भावाला नुसती लबाडी कारण नाही. व्यापारी मूठभर कापूस दाबतो, धागा ओढून पाहतो आणि भाव बोलतो. खरा पैसा मात्र रुईच्या उताऱ्यात असतो. एकाच्या क्विंटलमधून 33 किलो रुई निघते, दुसऱ्याच्या 36. वीस क्विंटलला 60 किलोंचा फरक! मुठीत तो कळत नाही, म्हणून व्यापारी जोखीम धरून सगळ्यांना सरसकट भाव लावतो. चांगला माल पिकवणारा मार खातो, वजन वाढवायला पाणी मारणाऱ्याचे फावते. जुन्या मोटारींच्या बाजारातले हेच दुखणे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये मांडले. 2001 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

विदर्भाने यावर उपाय करून पाहिले आहेत. 1897 च्या वऱ्हाड कायद्याने कापूस बाजाराला नियम घातले. 1972 मध्ये राज्याने एकाधिकार खरेदी आणली, म्हणजे कापूस घ्यायचा तो फक्त सरकारने; पण बाहेर भाव चढला की कापूस चोरवाटेने राज्याच्या सीमेपार जाई. भाव कागदावर बांधला म्हणून बाजार बांधला जात नाही.

माहिती उघड झाली की मात्र फरक पडतो. मध्य प्रदेशात ई-चौपाल या गावातल्या इंटरनेट केंद्रांमुळे सोयाबीन उत्पादकांना भाव आधीच कळू लागला, मालाची तपासणी करून घेणारा दुसरा ग्राहकही मिळाला. अपराजिता गोयल यांच्या 2010 च्या अभ्यासानुसार त्याने मंडीतलेही भाव 1 ते 3 टक्क्यांनी वाढले.

सीसीआयच्या केंद्रावर ओलावा यंत्राने मोजतात: 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे 12 पर्यंत कपात, त्यावर खरेदीच नाही. आकडा दोघांसमोर असल्याने वादाला जागा कमी. उताऱ्याचेही असेच व्हावे. बाजार समित्यांनी सौद्याआधी नमुना जिनिंग करून त्याची चिठ्ठी कास्तकाराच्या हाती द्यावी. तोवर कास्तकारांनी पहिली वेचणी आणि फरदड (हंगामाअखेरचा हलका कापूस) एका ढिगात मिसळू नये. मिसळलेल्या ढिगाला हलक्या मालाचाच भाव लागतो.