पाळणा, खोली आणि बँकेचा हप्ता



मागच्या महिन्यात आमच्या गटातली एक जण तीन महिन्यांचं बाळ घेऊन बैठकीला आली. घरच्यांचा विचार असा, की गृहकर्ज काढून परसात एक खोली बांधायची आणि पर्यटकांना द्यायची. नागाव, काशीद, दिवेआगर, कुठंही बघा, दारोदारी तशा पाट्या दिसतात. "ताई, हप्ता खोलीच भरेल ना?" तिनं विचारलं. आम्ही वहीच काढली. त्यातले आकडे सांगते, तुमच्या गावचे दर तुम्ही घाला.

संडास-बाथरूमसह खोलीला 4 लाख कर्ज धरलं. व्याज 9 टक्के, मुदत 15 वर्षं. हप्ता महिन्याला साधारण 4,060, म्हणजे वर्षाला 48,700. पंधरा वर्षांत 4 लाखांचे 7 लाख 30 हजार भरायचे, हे ऐकून सगळ्या गप्प झाल्या.

आता कमाई. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, मे महिना मिळून वर्षाला 60 रात्री खोली गेली, रात्रीला 1,500 मिळाले, तर 90,000. चादरी धुणं, वीज, पाणी, डागडुजी यांत रात्रीमागे 500 गेले. राहिले 60,000. हप्ता जाऊन 11 हजार उरतात. पण खोली झाडायची कोणी? रात्री अकराला आलेल्या पाहुण्यांना चावी द्यायची कोणी? "मीच की!" ती म्हणाली. बाळ मांडीवरच होतं. मदतीला बाई ठेवली आणि पाहुण्यांच्या दिवसाचे 300 दिले, तर 18,000 गेले. उरले 42,000. आपली मेहनत फुकट धरली, तरच हा धंदा नफ्यात दिसतो.

मग दुसरं पान. अलिबागच्या कचेऱ्यांत, थळच्या खत कारखान्यात, गावोगावच्या शाळांत बाहेरून आलेली माणसं खोली शोधत असतात. महिना 3,500 भाडं धरलं, तर वर्षाचे तेच 42,000! आणि रात्रीची झोप आपली. फक्त भाडेकराराची नोंदणी करायची. ती जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे.

दोन्हीकडे हप्त्याला वर्षाला पावणेसात हजार कमीच पडतात, ते घरातून घालावे लागणार. त्यात पावसाळ्यात पाहुणे तुरळक. 1 जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे कोळीवाड्यात दुसरी मिळकतही थांबलेली. हप्ता मात्र बारा महिने. म्हणून सहा हप्ते, साधारण 24 हजार, आधी बाजूला ठेवावेत असं माझं मत. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे 5,000 मिळतात, ते त्यात धरू नका. ते आईच्या खाण्यापिण्याचे आहेत.

बँकेत खोली कशासाठी बांधतोय ते खरं सांगा, त्यावर कर्जाचा प्रकार ठरतो. व्याजदर बदलता असेल, तर गृहकर्जाची रक्कम मुदतीआधी भरल्यास बँक दंड लावू शकत नाही. मे महिन्यात चार पैसे जास्त आले, तर मुद्दलात टाका. आणि कर्जावर दोघांची सही घेणार असतील, तर ग्रामपंचायतीच्या घर-उताऱ्यावरही दोघांची नावं लावून घ्या. सही केली म्हणजे परतफेडीला तुम्ही बांधील, पण तेवढ्यानं घर तुमच्या नावावर होत नाही.

आमच्या ताईनं खोली अजून बांधलेली नाही. सध्या ती आणि तिचे यजमान दोघं मिळून दर महिन्याला हप्त्याएवढे पैसे गटात बाजूला टाकून बघताहेत, जमतंय का ते.