शनिवारची रात्र मुक्कामाला

जुलैतल्या एखाद्या शनिवारी सकाळी कर्जत स्टेशनाबाहेर थोडा वेळ उभं राहिलं, तर असा एखादा घोळका नजरेला पडतोच. पाठीला सॅक, हातात छत्री आणि डोळे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर. एकाच्या मुलीचं यंदा दहावीचं वर्ष आहे, दुसऱ्याच्या वडिलांची बायपास नुकतीच झाली आहे, तिसरीला शेंगदाणे चालत नाहीत, हे सगळं या मंडळींना तोंडपाठ असतं. माहीत नसतात ते चेहरे. वर्षानुवर्षं रोज रात्री एकमेकांशी लिहून बोलणारी ही माणसं पहिल्यांदाच समोरासमोर येत असतात आणि पुढचे दोन दिवस एका छपराखाली राहणार असतात.

कर्जतच का, याचा हिशेब सोपा आहे. सीएसएमटीहून ते सुमारे शंभर किलोमीटरवर, पुण्याहूनही जवळपास तेवढंच. मुंबईकर लोकलने येतात, पुणेकर घाट उतरून, नाशिककर कल्याणला गाडी बदलून. आसपास भाड्याने शेतघरं मिळतात, आणि रविवारी रात्री घरी पोचून सोमवारी कामावर जाता येतं. मायबोली या संकेतस्थळावरच्या मंडळींचा वर्षाविहार, म्हणजे त्यांचा लाडका ‘ववि’, जागोजागची गटगं (गेट-टुगेदर), मिसळपाव या संकेतस्थळावरच्यांचे कट्टे हे सगळं आंतरजालावरच्या मराठी माणसाला आता नवं राहिलेलं नाही. ज्यांना ते नवं आहे, त्यांचा प्रश्न मात्र नेहमी एकच असतो: ज्यांना कधी पाहिलंही नाही, अशा लोकांबरोबर राहायला जायचं? तेही रात्री?

मला वाटतं, त्या रात्रीतच सगळं आहे. अशा भेटींना मी बरीच वर्षं जाते आहे. हॉटेलात दुपारी जेवायला जमणं मीही केलं आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण चार तासांत माणूस आपलं लिहिलेलं रूपच सांभाळून बसतो. जो ग्रुपवर विनोदी, तो तिथेही विनोद करत राहतो. जी अबोल, ती अबोल राहते. मुक्काम पडला की हे टिकत नाही. कपडे बदलतात, चष्मे उतरतात, गोळ्यांची डबी बाहेर येते, कोणी घरी फोन लावून मुलाला ‘दूध प्यायलास का’ विचारतं. तिथून पुढे खरी ओळख.

न पाहिलेल्या माणसाला भेटायची ही ओढ इंटरनेटच्या आधीची आहे. हॅम रेडिओवाले, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाले, एकमेकांना कॉलसाइनवरून ओळखत. आवाज अनेक वर्षांचा सवयीचा, पण माणूस कुठल्या तरी दुसऱ्याच गावात. समोरासमोरच्या भेटीला त्यांनी ‘आयबॉल’ असं नाव ठेवलं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन इथे 1952 साली सुरू झालेलं त्यांचं ‘हॅमव्हेन्शन’ आजही दर मे महिन्यात शुक्रवार ते रविवार भरतं. 2017 पासून ते जवळच्या झिनिया गावी हलवलं आहे आणि अलीकडे तिथे तीस हजारांहून अधिक माणसं जमतात. यंत्रांची खरेदी-विक्री हे निमित्त असतं. आवाजाला चेहरा मिळावा म्हणून येणारे तिथे कमी नाहीत.

संगणकावरच्या गप्पांचं पहिलं नावाजलेलं गाव म्हणजे कॅलिफोर्नियातलं ‘द वेल’. स्टुअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी ते 1985 मध्ये सुरू केलं. सॉसालिटोतल्या ‘वेल’च्या छोट्याशा कार्यालयात दर महिन्याला मेजवान्या होऊ लागल्या आणि सभासद तासन्‌तास गाडी चालवून तिथे येऊ लागले. हॉवर्ड राइनगोल्ड यांनी 1993 च्या आपल्या पुस्तकात या मंडळींबद्दल आत्मीयतेने लिहिलं आहे. विकिपीडियाचंही तेच झालं. नुसत्या टोपणनावांनी लेख दुरुस्त करणारी माणसं 2003 मध्ये म्युनिकला भेटली, 2005 मध्ये फ्रँकफर्टला पहिली ‘विकिमेनिया’ झाली, आणि 18 ते 20 नोव्हेंबर 2011 या शुक्रवार-शनिवार-रविवारी मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात भारतातली पहिली विकी परिषद भरली. भारतीय भाषांमधल्या विकिपीडियांवर काम करणारे लोक तिथे एकत्र आले. हॅमव्हेन्शनच्या आणि विकी परिषदेच्या तारखा पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. लोकांनी हाताशी असलेल्या सुट्टीचा सगळा ऐवज या भेटींसाठी खर्च केला; संध्याकाळ उरकून परत जाण्यावर भागवलं नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मैत्रीला लागणाऱ्या वेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणावं अशा नात्याला सुमारे 90, आणि जिवलग मैत्रीला 200 हून अधिक, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातही कामाच्या निमित्ताने घालवलेले तास फारसे उपयोगाचे नसतात. रिकामपणी, आवडीने घालवलेले तास मोजावे लागतात. आता आपला शनिवार-रविवार मोजू. शनिवारी सकाळी दहाला जमलो, रविवारी संध्याकाळी पाचला निघालो, तर 31 तास होतात. झोपेचे सहा वजा केले तरी 25 उरतात. नोकरी, घर, मुलं सांभाळणाऱ्या माणसाला एरवी 25 रिकामे तास एकाच मित्राबरोबर काढायला वर्ष पुरत नाही.

आधीच्या लिखित गप्पांचं काय, त्या वाया गेल्या का? मुळीच नाही. संज्ञापनाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये मांडलं होतं की, केवळ लिहून होणारं नातं कधीकधी प्रत्यक्ष नात्यापेक्षाही गहिरं होतं. लिहिणाऱ्याला विचार करून, निवडून बोलता येतं, आणि मधल्या रिकाम्या जागा वाचणारा आपल्या मनातल्या चांगल्या गोष्टींनी भरून काढतो. म्हणून तर रात्री बाराला आपण अनोळखी बाईला आईच्या आजारपणाबद्दल लिहितो आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंना लिफ्टमध्ये ‘सगळं ठीक’ म्हणतो. भेटीत त्या रिकाम्या जागांवर खरा माणूस येऊन बसतो. तो आपण कल्पिलेल्या माणसापेक्षा वेगळा निघतो आणि पहिल्या दुपारी आपला थोडा विरस होतो. नव्याने येणाऱ्यांना हे आधीच सांगायला हवं, म्हणजे ते चहाच्या वेळेलाच मनातून परतीची गाडी पकडणार नाहीत.

आमच्या ग्रुपमध्ये एक मावशी आहेत. त्यांच्या पाककृती आम्ही सगळ्यांनी करून पाहिल्या आहेत आणि त्यांच्या प्रत्येक कृतीत ‘मीठ अंदाजाने’ हे ठरलेलं. त्यावरून आम्ही त्यांच्याशी कितीदा भांडलो आहोत. एका मुक्कामात स्वयंपाकाला येणाऱ्या ताई पावसामुळे अडकल्या आणि रात्रीचं पिठलं मावशींनी हातात घेतलं. आम्ही सगळ्या भोवती उभ्या. त्यांनी डाव्या तळहातावर मीठ घेतलं, कढईकडे पाहिलं, बोटाने मिठाची कड मोडून थोडं डब्यात परत टाकलं, उरलेलं घातलं आणि तळहात कढईवर झटकला. मग दोन मिनिटं थांबून वाफ नाकाशी घेतली आणि आणखी चिमूटभर घातलं. हा त्यांचा अंदाज होता. तो त्यांना लिहिता येत नव्हता, कारण तो हातात आणि नाकात होता. त्याच रात्री ग्रुपवर प्रत्येक वादात शेवटचा शब्द आपलाच ठेवणारे एक गृहस्थ ओसरीवर बसून तास-दीड तास लसूण सोलत होते. त्यांच्याशी राजकारणावर माझं आजही पटत नाही. पण त्यानंतर त्यांचा प्रतिसाद वाचताना मला त्यांची नखं दिसतात आणि माझं उत्तर आपोआप मवाळ होतं.

आता व्यवस्थेबद्दल, कारण चांगला मुक्काम आपोआप होत नाही. ओळखपरेड, अंताक्षरी, खेळ, बक्षिसं, निरोप समारंभ असा तासातासाचा कार्यक्रम आखणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. मोकळी दुपार आणि मोकळी रात्र ठेवावी. ओळखपरेड मात्र हवी, आणि त्यात प्रत्येकाने आपल्याला कोणत्या नावाने हाक मारायची ते सांगावं. काहींना आयडीच्या नावानेच राहायचं असतं, कारण खऱ्या नावामागे नोकरी असते, सासर असतं, कधी आडनावावरून होणारी चौकशी असते. तो आडपडदा मानाने राखला गेला पाहिजे. फोटोचंही तसंच. विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो बाहेर टाकू नये. एकीच्या घरी ती ‘ऑफिसच्या ट्रेनिंगला’ आलेली असू शकते.

बायकांच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते, आणि तिचा भार येणारीवर टाकू नये. मुक्कामाला कोणकोण बायका आहेत, खोल्यांची वाटणी कशी आहे, खोलीला आतून कडी आहे का, परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे संयोजकांनी न विचारता आधीच कळवावं. नव्याने येणारीला जुन्या एखाद्या मैत्रिणीने फोन करावा, एकदा आवाज ऐकला की निम्मी धास्ती जाते. तिला पहिल्यांदा मुक्काम नको असेल, तर संध्याकाळी स्टेशनपर्यंत सोडायला कोण जाणार हेही ठरलेलं असावं. दारू असणार की नाही, हे जागा ठरवतानाच बोलून घ्यावं, रात्री नऊला नव्हे. धबधब्याचा मोह तर आवरलाच पाहिजे. रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात अनेक ठिकाणी प्रशासन बंदी घालतं, ते दरवर्षी माणसं बुडतात म्हणून.

वर्गणीचा विषय नाजूक असतो. दोन हजार रुपये एकाला चहापाण्याइतके असतात आणि दुसऱ्याच्या घरातलं ते महिन्याचं दूध आणि वीजबिल असतं. तो दुसरा पैशाचं कारण कधीच लिहीत नाही; ‘त्या दिवशी जरा काम आहे’ असं लिहितो. म्हणून जागा ठरवतानाच स्वस्त जागा बघावी. ज्यांना जास्त देता येईल, त्यांनी हिशेब ठेवणाऱ्याकडे गुपचूप जास्त द्यावे आणि कोणी किती भरले याची यादी ग्रुपवर टाकू नये. एकूण जमा आणि एकूण खर्च टाकला की पुरे.

आणि जे येऊच शकत नाहीत, त्यांचं काय? मला सगळ्यात जास्त त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

नॉर्वेतल्या ओस्लो इथे मॅट्स स्टीन नावाचा तरुण राहत होता. त्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आजार होता. या आजारात स्नायू हळूहळू निकामी होत जातात. नोव्हेंबर 2014 मध्ये, वयाच्या 25 व्या वर्षी तो गेला. शेवटची वर्षं त्याचा बहुतेक वेळ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात जाई. मुलाला मित्र नाहीत, त्याने प्रेम अनुभवलं नाही, कोणाच्या उपयोगी पडल्याचं समाधान त्याला मिळालं नाही, या दुःखात त्याचे आईवडील होते. त्याच्या मृत्यूची बातमी वडिलांनी त्याच्याच ब्लॉगवर लिहिली आणि निरनिराळ्या देशांतून पत्रांचा ओघ सुरू झाला. खेळातल्या ‘स्टारलाइट’ नावाच्या गटात तो ‘इबेलिन’ म्हणून वावरत होता आणि तिथे तो अनेकांचा सखा होता. कोणाला त्याने नैराश्यातून सावरलं होतं, कुठल्या आईला आपल्या मुलाशी बोलायची वाट दाखवली होती. आपल्या आजाराबद्दल त्याने या मित्रांना कितीतरी वर्षं काही सांगितलं नव्हतं. गटातले काही जण परदेशांतून प्रवास करून त्याच्या अंत्यसंस्काराला आले. बेंजामिन री यांच्या 2024 च्या माहितीपटामुळे ही गोष्ट जगभर पोचली.

ती मंडळी ओस्लोला पोचली, तेव्हा मॅट्स नव्हता. हे मला सहन होत नाही. गटाच्या भेटीगाठी ठरताना मागे राहणारा माणूस ‘मला जमणार नाही’ एवढंच लिहितो आणि आपण ‘पुढच्या वेळी नक्की’ असं उत्तर देऊन पुढे जातो. तो का येऊ शकत नाही, हे विचारायला हवं. चारचौघांत नव्हे, एकट्याला, आणि दोनदा विचारायला हवं. कारणं बहुतेक वेळा सुटणारी असतात. शेतघराला पायऱ्या असतात, संडास भारतीय पद्धतीचा असतो, घरात अंथरुणाला खिळलेली सासू असते, रात्री ऑक्सिजनचं यंत्र लागतं आणि तिथे लोडशेडिंग असतं. व्हिडिओ कॉल लावून फोन भिंतीला टेकवून ठेवणं हा त्यावर उपाय नाही. अर्ध्या तासाने त्या फोनकडे कोणी पाहत नाही आणि पलीकडच्याला आपण बाहेर असल्याचं जास्तच जाणवतं.

उपाय सोपा आहे, फक्त जागा निवडण्याचा क्रम उलटा करायचा. आधी धबधबा आणि मग माणसं असं न करता, ज्याला हलता येत नाही त्याचं गाव आधी धरायचं. आमच्यातल्या एक काकू सांगलीला असतात. त्यांचे यजमान पक्षाघातानंतर घरीच आहेत आणि त्यांना एक रात्रही सोडून जाता येत नाही. आमच्या आजवरच्या प्रत्येक भेटीचं आमंत्रण त्यांना गेलं आहे आणि प्रत्येक भेटीचा वृत्तांत त्यांनी सगळ्यांत आधी वाचला आहे. यंदाचं गटग दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारी सांगलीत आहे. त्यांच्या गल्लीच्या टोकाला एक छोटं कार्यालय आहे, तळमजल्यावर. पुण्याहून जाणाऱ्यांनी एकत्र गाडी करायची, मुंबईकरांनी रात्रीच्या रेल्वेची तिकिटं आत्ताच काढायची. पिठलं मावशी करणार आहेत. शनिवारी रात्री काकांपाशी कोणी बसायचं याच्या पाळ्या लावल्या आहेत, म्हणजे काकूंना सगळ्यांबरोबर जागता येईल. पहिली पाळी लसूण सोलणाऱ्या गृहस्थांनी मागून घेतली आहे.